आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन पहिली सहल: मनाली, गोवा, पाचगणी की तुळजापूर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं जोडपं. डिसेंबरच्या मध्यात बाळाला आठ महिने पूर्ण होतील आणि तेव्हाच चार दिवसांची रजा मिळतेय. नवऱ्याला मनालीला जायचंय, कारण ‘पुढे शाळा सुरू झाली की जमणार नाही’. नणंदेचं मत गोवा. सासूबाई म्हणतात, आधी तुळजापूर. कुलदैवताचं दर्शन झाल्याशिवाय बाकी कुठे जायचं नाही. सासू-सासरे सोबत असणार आहेत. बाळ अंगावर पितं, दिवसातून दोन-तीनदा वरचं खातं आणि झोळीशिवाय झोपत नाही. प्रश्नाच्या अगदी शेवटी आईनं एक ओळ लिहिली आहे: ‘मला खरं तर फक्त झोपायचंय.’

मी पुण्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते. कुठलाही लाँग वीकेंड संपला की दुसऱ्या दिवशी दवाखान्याबाहेर कोण बसलेलं असणार, हे मला न बघता सांगता येतं. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या शेवटच्या ओळीतच आहे. आठ महिन्यांच्या बाळाला सहल लागत नाही. सोलंग व्हॅलीतला बर्फ आणि सोसायटीच्या पार्किंगमधली मांजर यांत ते मांजर निवडेल. सहल तुम्हाला हवी आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते एकदा मोकळेपणानं मान्य करा, म्हणजे ठिकाण निवडणं सोपं होतं. प्रत्येक ठिकाणाला एकच प्रश्न विचारायचा: इथे आईला रोज दोन तास सलग मोकळे मिळतील का? मिळणार नसतील, तर घरातलंच सगळं काम तुम्ही अर्ध्या सोयींत दुसऱ्या गावी जाऊन करणार आहात, तेही हॉटेलचं भाडं भरून.

आधी मनालीचं बघू. उंचीची भीती सगळे घालतात, पण मनाली गाव साधारण दोन हजार मीटरवर आहे आणि धडधाकट बाळाला तेवढी उंची सहसा बाधत नाही. अडचण प्रवासाची आहे. पुण्याहून विमानानं चंदीगड, तिथून पुन्हा गाडीनं सात-आठ तास डोंगरातला रस्ता. चार दिवसांतले दोन दिवस तर येण्या-जाण्यातच गेले. पोचल्यावर रात्रीचा पारा शून्याच्या आसपास, हीटर लावला की खोलीतली हवा कोरडी होऊन बाळाचं नाक चोंदतं, आणि नाक चोंदलेलं बाळ धड पीत नाही की झोपत नाही. शिवाय मनालीला गेलेलं कुणी मनालीत थांबत नाही. अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जातात, म्हणजे तीन हजार मीटरच्या वर. अडीच हजार मीटरच्या पुढे मोठ्या माणसाला त्रास झाला तर तो सांगतो, डोकं दुखतंय, मळमळतंय. बाळ नुसतं किरकिर करतं, दूध नाकारतं, उलटी करतं. हेच सगळं ते दात येतानाही करतं, झोप अपुरी झाली तरी करतं. उंचीमुळे होतंय की आणखी कशामुळे, हे तिथे उभं राहून मलासुद्धा खात्रीनं सांगता येणार नाही. म्हणून दोन वर्षांच्या आतल्या बाळाला इतक्या उंचीवर मुक्कामाला नेऊ नका, असंच मी सांगते. लेहला, म्हणजे साडेतीन हजार मीटरवर थेट विमानानं उतरायचं तर विचारायलाच नको. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल, हृदयाला छिद्र असेल किंवा नुकताच छातीचा आजार होऊन गेला असेल, तर साध्या विमानप्रवासाआधीही तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण विमानातली हवा बाहेरच्या दोन-अडीच हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असू शकते.

नवऱ्याच्या ‘नंतर जमणार नाही’ या मुद्द्याचं म्हणाल, तर चौथ्या वर्षी मूल बर्फात स्वतःच्या पायांनी धावेल आणि ते त्याला आठवेलही. आत्ताच्या फोटोत टोपी आणि तीन स्वेटरमधून फक्त नाक दिसेल.

गोवा त्या मानानं पुष्कळ बरा. पुण्याहून विमान तासाभरात पोचतं. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसतं, पण त्याचं तिकीट काढावं लागतं आणि वयाचा पुरावा लागतो, तेव्हा जन्मदाखला जवळ ठेवा. विमान चढताना आणि त्याहून जास्त उतरताना बाळाला अंगावर घ्या. गिळत राहिलं की कानांवरचा दाब सुटतो. वैमानिकानं उतरण्याची घोषणा केली की लगेच पाजायला घ्या, चाकं टेकण्याची वाट बघू नका, कारण कान दुखतात ते त्याआधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत. तिकीट काढताना विमानतळ नीट बघा. २०२३च्या जानेवारीपासून गोव्यात दोन विमानतळ चालू आहेत: दाबोळी आणि उत्तरेच्या टोकाचा मोपा. मुक्काम बाणावली-वार्का बाजूला आणि स्वस्त मिळालं म्हणून तिकीट मोपाचं, असं झालं तर विमानात एक तास आणि टॅक्सीत दीड-दोन तास असा उफराटा प्रवास होतो. बाळाला घेऊन दक्षिण गोवाच बरा, तिथे रात्री संगीताचा दणदणाट कमी. डिसेंबरच्या मध्यापर्यंत जमलं तर ठीक. नाताळच्या आठवड्यात भाडीही चढतात आणि रस्तेही तुंबतात. गोवा निवडलात तर माझी हरकत नाही. पण सासू-सासऱ्यांना चार दिवस किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये करमेल का, हे तुम्हीच जाणे. आजी-आजोबा कंटाळले की त्याचा हिशेब शेवटी सुनेकडेच येतो.

मी तुमच्या जागी असते तर पाचगणीच्या बाजूला गेले असते. मुद्दाम पाचगणी म्हणतेय, महाबळेश्वर नाही. दोन्हींमध्ये अंतर वीसेक किलोमीटरच आहे, पण सुट्टीच्या दिवशी वेण्णा तलावापाशी गाड्या अडकल्या की तेवढ्यालाच दीड तास लागतो, आणि अडकलेल्या गाडीत भुकेलं बाळ म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पुण्यापासून पाचगणी शंभर किलोमीटरच्या आसपास, उंची साधारण तेराशे मीटर, थंडी सोसवेल अशी. काही झालंच तर पसरणी घाट उतरून वाई अर्ध्या तासात. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये भिलार आहे, २०१७ साली सरकारनं ‘पुस्तकांचं गाव’ केलं ते. तिथे घरांमधून, देवळांमधून पुस्तकं ठेवलेली आहेत, कोणीही बसून वाचावीत. घरगुती मुक्कामाची सोय आहे, आजूबाजूला स्ट्रॉबेरीची शेतं आहेत. आजोबा सकाळी पुस्तक घेऊन ओसरीवर बसले, आजी बाळाला मांडीवर घेऊन त्या घरच्या बाईशी गप्पा मारत बसल्या, आणि तुम्ही आत पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपलात, अशी सहल मला दिसतेय. त्यात ‘पॉइंट’ करायचे नाहीत. फार तर एक दिवस टेबललँड, तेही ऊन उतरल्यावर.

समुद्रच हवा असेल तर ताम्हिणीतून दिवेआगर-श्रीवर्धनची बाजू आहे. मुंबईचे वाचक असतील तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं गाडीसकट मांडव्याला उतरावं, तासाभराचा प्रवास. बाळ गाडीत अडकून पडत नाही आणि मोकळ्या वाऱ्यावर बरंच शांत राहतं. कोकणातल्या घरगुती मुक्कामाचा एक फायदा हॉटेलवाले देऊच शकत नाहीत: मागितलं की जमिनीवर गाद्या अंथरून मिळतात. तोटा असा की आत-आत जावं तसा बालरोगतज्ज्ञ लांब. गुहागरला राहिलात तर चिपळूण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, हे आधी ठाऊक असू द्या. माथेरान मात्र या वेळी टाळा. दस्तुरी नाक्याच्या पुढे तुमची गाडी जात नाही, आणि तिथली लाल धूळ रांगायला लागलेल्या मुलाच्या नाकात, तोंडात, सगळीकडे जाते.

ठिकाणापेक्षा मी खोलीबद्दल जास्त बोलेन, कारण दवाखान्यात येणाऱ्या गोष्टी खोलीत घडतात. सहलीतून आलेल्या या वयाच्या बाळांत सगळ्यांत नेहमीचा अपघात म्हणजे पलंगावरून पडणं. घरचा पलंग भिंतीला लावलेला, बाजूला लोड. हॉटेलातला उंच, मधोमध, गुळगुळीत चादरीचा. आठव्या महिन्यात बाळ पालथं पडून दोन कोलांट्यांत कडेला पोचतं. उशांची तटबंदी करू नका. बाळ त्यावरून जातं, नाहीतर त्यात तोंड खुपसून बसतं. पलंग भिंतीला सरकवला तर मध्ये चार बोटांची फट राहते आणि ती पडण्याहून वाईट, कारण बाळ तिच्यात अडकतं. गादी सरळ खाली घ्यायला सांगा. ‘सर, आमच्याकडे तसं करत नाही’ असं मॅनेजर म्हणाला, तर आजोबांना बोलू द्या.

खोलीत शिरल्यावर बॅगा उघडायच्या आधी कोणीतरी एकानं जमिनीवर बसून, बाळाच्या उंचीवरून सगळीकडे नजर फिरवावी. मी सांगते म्हणून नवऱ्याला बसवा. उभ्या माणसाला दिसत नाहीत अशा गोष्टी तिथून दिसतात: पलंगामागचा उघडा प्लग, खाटेखाली आधीच्या पाहुण्यांची पडलेली गोळी, टीपॉयचा काचेचा कोपरा, डासांच्या अगरबत्तीचं ताट, बाल्कनीच्या गजांमधलं अंतर. आणि किटलीची लोंबणारी वायर. चहाची किटली टेबलावर, तिची वायर खाली, बाळ ती धरून उभं राहायला बघतं आणि उकळतं पाणी छातीवर येतं. हे मी लिहितेय ते घाबरवायला नाही, पण किटली पहिल्या मिनिटाला कपाटात वर ठेवा आणि लागेल तेवढ्यापुरतीच काढा. गिझरच्या नळाचं पाणीही स्वतःच्या कोपरानं तपासल्याशिवाय बाळावर घालू नका. अनोळखी गिझर कधी कोमट, कधी कढत.

झोळीचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलं. बहुतेक जण तिथे पोचून डोक्याला हात लावतात. हॉटेलात झोळी टांगायला जागा नसते. पंख्याच्या हुकाला, खिडकीच्या गजाला, पडद्याच्या दांडीला झोळी बांधलेली मी ऐकली आहे, कृपा करून तसलं काही करू नका. कोकणातल्या जुन्या घरांत पडवीत झोपाळ्याच्या कड्या असतात. यजमान स्वतः म्हणाले आणि कडी भक्कम दिसली तर दिवसाची झोप तिथे, कोणीतरी शेजारी बसून. नाहीतर घडीचा स्टँड असलेली झोळी गाडीच्या डिकीत टाका. तिसरा उपाय फुकट आहे, पण आजपासून सुरू करावा लागेल: दिवसातली एक झोप झोळीशिवाय, गादीवर, थोपटून. पहिले चार-पाच दिवस रडारड होईल. दोन-तीन आठवड्यांत निदान तशीही झोप येऊ शकते एवढं बाळाला कळतं, आणि सहलीपुरतं तेवढं पुरतं. घरची जुनी, न धुतलेली गोधडी सोबत न्या. धुतलेली नको, तिला घराचा वास राहत नाही. या वयात अनोळखी माणसं आणि अनोळखी जागा यांचं बाळाला एकदम कळायला लागलेलं असतं, त्यामुळे पहिल्या रात्री चारदा उठलं तर सहल फसली असं समजू नका. दुसरी रात्र बहुधा बरी जाते. म्हणूनच दोन ठिकाणी एकेक रात्र करण्यापेक्षा एकाच ठिकाणी तीन रात्री काढा.

आजी-आजोबा सोबत आहेत हे तुमचं सगळ्यांत मोठं भाग्य, पण ते आपोआप पदरात पडत नाही. निघायच्या आधी घरीच, नवऱ्यानं आपल्या आईशी बोलून ठरवायचं: पहाटे पाच-साडेपाचला बाळ उठलं की एकदा पाजून आईनं ते आजीकडे द्यायचं, आणि सातपर्यंत कोणी दार वाजवायचं नाही. आजी नाहीतरी त्या वेळेला उठलेल्याच असतात. हे सुनेनं मागितलं तर वेगळं वाटतं, मुलानं मागितलं तर आजीला मान वाटतो. दोन खोल्या शेजारी-शेजारी आणि तळमजल्यावर घ्या. सासऱ्यांचे गुडघेही खूश राहतील. बदल्यात रोजचं मालीश आणि न्हाऊमाखू यावर थोडं सोडून द्या. तीन दिवस अंघोळ न घालता ओल्या फडक्यानं पुसलं तर काहीही होत नाही, पण आजींनी हट्टानं तेल लावलंच तर त्यानंही काही होत नाही. धुरी मात्र नको, बंद खोलीत तर मुळीच नको.

आता गाडी. आपल्याकडे बाळाची ठरलेली जागा म्हणजे पुढच्या सीटवर आईची मांडी, आणि गाडीतली ती सगळ्यांत वाईट जागा आहे. अचानक ब्रेक लागला तर कितीही घट्ट धरलेलं बाळ हातात राहत नाही, आणि समोरची एअरबॅग उघडली तर ती बाळावरच उघडते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्ट्यानं किंवा त्यांच्यासाठीच्या सीटमध्ये बांधणं सक्तीचं झालं आहे, नाहीतर हजार रुपये दंड. दंडाचं सोडा. मागच्या सीटवर, तोंड मागे करून बसवायची बाळाची सीट विकत किंवा भाड्यानं घ्या आणि आठवडाभर आधी गावातल्या गावात त्यात बसवून सवय करा. दर दीड-दोन तासांनी बाहेर काढून पाठ मोकळी करा. पुण्याहून सकाळी सहाच्या सुमाराला निघालात तर ते अर्धवट झोपेत वाईपर्यंत येईल. वाईला थांबा, तिथे पाजा किंवा भरवा, थोडं खेळू द्या आणि मग अर्ध्या-पाऊण तासानं घाट चढा. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी लागणं विरळाच. घाटात बाळ उलटी करतं तेव्हा बहुधा ‘रस्त्यात भूक लागेल’ म्हणून निघताना भरवलेली वाटीभर खिचडी बाहेर येते. गाडी लागते ती आईला. पिशवीत आवळासुपारी ठेवा, पण स्वतःसाठी.

जेवणाची काळजी तुम्ही करताय त्याहून निम्मी पुरे. बाळ अजून अंगावर पितं, म्हणजे अर्ध्याहून जास्त पोट कुठल्याही गावी, कुठल्याही वेळी, निर्जंतुक भरायची सोय तुमच्यापाशी आहे. उरलेल्यासाठी घरून एक डबा न्या. तांदूळ दोन वाट्या, सालाशिवाय मुगाची डाळ एक वाटी, दोन्ही धुऊन, कापडावर सावलीत खडखडीत वाळवून, मंद आचेवर वेगवेगळे भाजा. तांदूळ पांढरेशुभ्र होऊन किंचित फुलले आणि डाळीला खमंग वास सुटला की उतरवा, गार झाल्यावर चिमूटभर जिरं टाकून मिक्सरमधून रवाळ दळा. अगदी पीठ केलंत तर शिजताना गुठळ्या होतात. तिथे दोन चमचे घेऊन थंड पाण्यात कालवायचं आणि छोट्या भांड्यात पाच-सात मिनिटं शिजवायचं, वर साजूक तूप. नुसत्या गरम पाण्यात कालवून देऊ नका. ते कच्चंच राहतं आणि पोट फुगतं. घरगुती मुक्कामात शेगडी मिळते, हॉटेलात इलेक्ट्रिक कुकर न्यावा लागतो. याशिवाय केळी, उकडलेला बटाटा आणि स्वयंपाकघरात सांगून ठेवलेला मऊ भात. वरण फोडणीच्या आधीच वाटीभर बाजूला काढायला सांगा. ‘तिखट कमी घाला’ म्हटलंत तर तिखटच येतं. पाणी खळखळून उकळलेलं. स्ट्रॉबेरी नीट धुऊन, कुस्करून चालेल, क्रीम नको. आणि महाबळेश्वरचा मध तुम्ही घेणारच. जरूर घ्या, पण एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला त्याचं बोटसुद्धा चाटवू नका. मधात काही वेळा असे जिवाणू असतात की त्यांचं विष लहान बाळाचे स्नायू लुळे पाडतं. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढू शकत नाहीत, म्हणून ‘आम्हाला दिला होता, काही झालं नाही’ हा पुरावा इथे चालत नाही.

औषधांची पिशवी लहान ठेवा. पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, थर्मामीटर, नाकात घालायचे सलाईनचे थेंब, डायपर रॅशचं मलम. बस्स. पॅरासिटामॉलबद्दल नीट वाचा, कारण रात्री दोन वाजता अनोळखी गावात इथेच घोटाळा होतो. ड्रॉप्सच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या पाच मिलीत बहुधा १२० किंवा २५०. आठ किलोच्या बाळाला एका वेळी १२० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे ड्रॉप्स १.२ मिली. घरी सिरप वापरता, ते विसरलं, तिथल्या दुकानातून ड्रॉप्स आणले आणि सवयीनं पाच मिली पाजले, की चौपट डोस गेला. म्हणून घरची बाटलीच न्या आणि तिच्यावर तुमच्या डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेला डोस चिकटपट्टीवर लिहून चिकटवा. सर्दी-खोकल्याचं सिरप नेऊच नका आणि कोणी दिलं तरी पाजू नका. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना ती देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर पुन्हा बजावलं आहे. ओआरएस म्हणजे पावडरची पुडी, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, चोवीस तासांत संपवायची. दुकानदार पुढे करतो ते फळांच्या चवीचं गोड पेय जुलाबात उलट त्रास वाढवतं. जुलाब लागले तर दर शौचानंतर ५० ते १०० मिली चमच्यानं, आणि अंगावर पाजणं चालूच. झिंक या वयात रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी चौदा दिवस.

कधी सगळं सोडून डॉक्टर गाठायचा? बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पन्नास किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट बघू नका. सहा-आठ तासांत डायपर ओला झाला नाही, पाजलेलं काहीच टिकत नाही, किंवा बाळ हाक मारूनही मलूल पडून राहतं, तरी तसंच. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ला फोन लावला की रुग्णवाहिका मिळते. मुक्कामाच्या जवळच्या बालरोगतज्ज्ञाचा नंबर निघण्यापूर्वीच शोधून, एकदा फोन करून, रविवारी कोण असतं ते विचारून ठेवा. आणि निघायच्या आदल्या दिवशी ताप किंवा धाप असेल तर बुकिंगचे पैसे गेले असं समजा. पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा, म्हणजे हा निर्णय घेताना जीव खालवर होणार नाही.

लसींचं वेळापत्रकही तारखेत बसवा. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देता येते, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस. तो विचार असेल तर दुसरा डोस निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे होऊन गेलेला बरा. इतर कुठलीही लस निघण्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत घेऊ नका, ताप आला तर लसीचा की आजाराचा या चर्चेत पहिला दिवस जातो.

राहिलं तुळजापूर. सासूबाईंच्या म्हणण्याला मी डॉक्टर म्हणून ‘नाही’ म्हणणार नाही, आणि आधी देव की आधी पाचगणी हे ठरवणं माझं काम नाही. मात्र दोन्ही एकाच रजेत कोंबू नका. देवदर्शन ही वेगळी सहल आहे: त्यात विश्रांती मिळत नाही, ती मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नये. पुण्याहून गाडीनं जाण्यापेक्षा रेल्वेनं सोलापूर गाठा, साडेतीन-चार तासांत बाळ डब्यात फिरत-खेळत येतं आणि पाच वर्षांखाली, वेगळी सीट मागितली नाही तर, तिकीटही लागत नाही. मुक्काम सोलापुरात करा. मोठी रुग्णालयं तिथे आहेत आणि तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा सोडून साधा वार धरा, पहाटे निघा. देवळात पायऱ्या उतरून जावं लागतं, तेव्हा बाबागाडी निरुपयोगी; बाळ छातीशी बांधायच्या कॅरियरमध्ये, बाबांकडे. रांग लांबली तर आजी-आजोबांनी रांगेत राहावं आणि तुम्ही दोघांनी बाळाला घेऊन मोकळ्या हवेत थांबावं, नंबर जवळ आला की फोन. गर्दीत प्रत्येक जण बाळाच्या गालाला हात लावतो, त्याचं वाईट वाटून न घेता ‘बाळाला सर्दी आहे हो, तुम्हाला लागेल’ म्हणायचं. लोक आपोआप मागे सरतात. मार्चपासून सोलापूर तापतं, म्हणून जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी बघा. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस येते, आणि तिचा ताप किंवा पुरळ लगेच न येता सात ते बारा दिवसांनी येऊ शकतं. तेव्हा तुळजापूरची तारीख एकतर लसीच्या आधीची धरा, नाहीतर लस घेऊन दोन आठवडे झाल्यानंतरची.